घरबसल्या कॅम्पसफेरी : अमेरिकेतलं कॉलेज निवडताना

● कधी? ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामायिक अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या अर्जफेरीची मुदत अनेक ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते. त्यामुळे अकरावीची उन्हाळी सुट्टी ऑनलाइन कॅम्पसफेऱ्यांसाठी उत्तम.

● घड्याळ : बोस्टन, न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा. तिथलं सकाळी १० चं सत्र उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला दिसतं. कॅलिफोर्नियातलं रात्री साडेदहाला.

● रेकॉर्डेड की लाइव्ह? ३६० अंशांतली चित्रफीत इमारती दाखवते. प्रश्न विचारायचे तर लाइव्ह सत्रच हवं. एका दिवसात दोनच कॉलेजं पाहा, नाहीतर सगळी वसतिगृहं सारखीच वाटू लागतात.

● नोंदणी स्वतःच्या नावाने : काही कॉलेजं विद्यार्थ्याने दाखवलेला रस प्रवेशाच्या वेळी विचारात घेतात, एमआयटीसारख्या काही संस्था घेत नाहीत. अर्जासाठी वापरणार तोच ईमेल द्या.

● हे विचारा : शाकाहारी जेवण, परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत, सुट्टीत वसतिगृह उघडं राहतं का?

● शेवटी : ‘स्ट्रीट व्ह्यू’वर कॅम्पसबाहेरचा रस्ता, किराणा दुकान आणि बसथांबा पाहून घ्या. जाहिरातीच्या चित्रफितीत ते सहसा नसतात.