टँगो नृत्य

टँगो : दक्षिण अमेरिकेतील ला प्लाता नदीमुखाच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे अर्जेंटिनातील ब्वेनस एअरीझ व यूरग्वायमधील माँटेव्हिडिओ या बंदरांच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित झालेले युग्मनृत्य व त्याचे संगीत. दोघांनी परस्परांना आलिंगनात घेऊन हे नृत्य करावयाचे असते. या नृत्यात पावलांचा ठरावीक क्रम नसतो. कोणते पाऊल केव्हा व कोठे टाकावयाचे हे संगीत ऐकत असतानाच ठरते, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. तथापि विसाव्या शतकात अध्यापन, स्पर्धा आणि रंगभूमी यांच्या गरजांतून टँगोची बांधीव रूपेही रूढ झाली. उत्स्फूर्त रचना व पाठ केलेली रचना या दोन प्रवृत्तींतील ताण टँगोच्या इतिहासात सतत दिसून येतो.

उगम : आफ्रिकी वंशाच्या लोकांचे कांदोंबे नृत्य, क्यूबातून आलेला हाबानेरा हा संगीतप्रकार आणि स्थानिक मिलोंगा यांच्या संयोगातून टँगो आकारास आला. इटली, स्पेन इ. देशांतून आलेल्या स्थलांतरितांनीही त्यात भर घातली. वॉल्ट्स व पोल्का या तत्कालीन लोकप्रिय नृत्यांत जोडपी अखंड गतीने फिरत असत. टँगोने ही गती खंडित केली. चालता चालता एकाएकी थांबण्यास ‘कोर्ते’ आणि थांबून शरीराला बाक देण्यास ‘केब्रादा’ म्हणत. या थांबण्यास फार महत्त्व आहे; कारण अखंड फिरणाऱ्या जोडप्याची पुढील हालचाल आधीच्या हालचालीनेच ठरते, तर थांबलेल्या जोडप्यास कोणतीही दिशा मोकळी असते. टँगोतील उत्स्फूर्ततेचे बीज येथे आढळते.

नृत्यरचनेचे तत्त्व : पुढे, मागे व बाजूस टाकलेले पाऊल, एका पायावर घेतलेली गिरकी आणि विराम हे टँगोचे मूलघटक होत. ‘ओचो’ (आठाच्या आकड्यासारखी वळणे), ‘हीरो’ (जोडीदाराभोवतीचे भ्रमण), ‘क्रुसादा’ (एक पाय दुसऱ्यापुढे आडवा आणणे) इ. नावाजलेले पवित्रे याच घटकांचे बनलेले असून प्रत्येक पवित्रा मध्येच सोडता येतो किंवा दुसऱ्याकडे वळविता येतो. पुढाकार घेणारी व्यक्ती पुढील हालचालीची सूचना हाताने ढकलून नव्हे, तर मुख्यतः छातीच्या दिशेने व शरीराचे वजन हलवून देते. ती सूचना ओळखून पाऊल पुरे करणे हे अनुसरण करणाऱ्या व्यक्तीचे काम होय. हे काम निष्क्रिय नसते : पाऊल किती संथपणे टाकावे, विरामात पायाने कोणता अलंकार करावा, याची निवड तीच करते व पुढाकार घेणाऱ्यास तिच्यासाठी थांबावे लागते. जोडीदाराचे वजन कोणत्या पायावर आहे याची जाण प्रतिक्षणी ठेवणे हे या कलेचे मर्म आहे. एकाने जागच्या जागी पाय बदलला व दुसऱ्याने बदलला नाही, तर दोघांच्या पावलांचा संबंध ‘समांतर’ ऐवजी ‘छेदक’ होतो आणि निराळ्याच हालचाली शक्य होतात. या भूमिका परंपरेने पुरुष व स्त्री यांच्याकडे असल्या, तरी आज त्या कोणीही घेऊ शकतात.

संगीताशी संबंध : बांदोनिओन (भाता असलेले जर्मन बनावटीचे वाद्य), व्हायोलिन, पियानो व डबल बेस ही टँगो वाद्यवृंदातील प्रमुख वाद्ये होत. सु. १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानला जातो. या काळातील वाद्यवृंदांच्या शैली परस्परांहून अगदी भिन्न होत्या. ह्वान दारिएंसो यांच्या वादनात ठोका टोकदार व आग्रही असतो. कार्लोस दी सार्ली यांच्या संगीतात व्हायोलिनचे दीर्घ, सलग स्वर प्रभावी असतात. तर ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वादनात जोरकस आघातांनंतर लय जणू रेंगाळते. दारिएंसोच्या संगीतावर शोभणारी आखूड, ठोक्याबरहुकूम पावले दी सार्लीच्या संगीतावर तुटक वाटतात. पुग्लिएसेच्या संगीतात कित्येकदा पाऊल न टाकणे हेच उचित ठरते. नर्तक ठोका, स्वरावली किंवा एखाद्या वाद्याची आडवी लकेर यांपैकी कशाचाही माग घेऊ शकतो. पाठ केलेल्या पावलांना असा निवडीचा अवसर नसतो.

हिंदुस्थानी ख्यालगायनात बंदिश ठरलेली असते आणि तिच्या आधाराने गायक उपज करतो. टँगोत याहून वेगळी विभागणी आढळते : वाद्यवृंदाची रचना बहुधा आधी लिहिलेली असते, आणि उपज होते ती नर्तकांच्या पावलांत.

प्रमाणीकरण : १९१० नंतर टँगो पॅरिसमध्ये व तेथून यूरोपभर लोकप्रिय झाला. इंग्लंडमध्ये ‘इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग’ (स्थापना १९०४) या संस्थेने १९२४ मध्ये बॉलरूम नृत्याची शाखा सुरू केली. तिच्यासारख्या संस्थांनी प्रत्येक पवित्र्याचे नाव, पावले, दिशा व कालमान निश्चित केले. त्यातून सिद्ध झालेला बॉलरूम टँगो हा मूळ टँगोहून वेगळा प्रकार होय. स्पर्धांत त्याची गती मिनिटास सु. ३१ ते ३३ मात्राखंड इतकी राखतात. अनपेक्षित विराम दर्शविणारा ‘कोर्ते’ हा शब्द या पद्धतीत ठरावीक पावलांच्या व लयीच्या एका पवित्र्याचे नाव बनला. प्रमाणीकरणाचे लाभही मोठे होते : अभ्यासक्रम व परीक्षा शक्य झाल्या, परस्परांना अपरिचित अशा दूरदेशीच्या नर्तकांना समान परिभाषा लाभली आणि स्पर्धेतील परीक्षणास निश्चित कसोट्या मिळाल्या.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९५५ मधील लष्करी उठावानंतरचे राजकीय वातावरण आणि रॉक संगीताची लाट यांमुळे अर्जेंटिनात टँगोची पीछेहाट झाली. क्लाउदिओ सेगोव्हिया व एक्तोर ओरेसोली यांचा तांगो आर्खेंतिनो हा रंगमंचीय प्रयोग पॅरिसमध्ये १९८३ साली व न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९८५ साली झाला. त्याने जगभर नवे शिकाऊ नर्तक निर्माण केले. त्यांना शिकविण्यासाठी ‘मूळ आठ पावले’ हा क्रम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्यात पुढाकार घेणारा प्रथम मागे जातो आणि पाचव्या पावलावर जोडीदार पाय आडवा आणतो. हा क्रम लवकर पाठ होतो. परंतु गर्दीच्या नृत्यभूमीवर मागे टाकलेले पहिले पाऊल पाठीमागून येणाऱ्या जोडप्यावर आदळण्याचा धोका असतो. शिवाय आठ पावले संपविण्याच्या नादात संगीतातील वाक्याच्या शेवटाकडे, विरामाकडे व जोडीदाराच्या तोलाकडे दुर्लक्ष होते. १९९० नंतर गुस्ताव्हो नाव्हेइरा, फाबिआन सालास इत्यादींनी पवित्र्यांचे मूलघटकांत पृथक्करण करून त्यांच्या नव्या जोडण्या शोधल्या. त्यामुळे क्रम पाठ करण्याऐवजी हालचालींमागील तत्त्व शिकविण्याच्या पद्धतीस चालना मिळाली.

सामाजिक संकेत : टँगोच्या नृत्यसभेसही ‘मिलोंगा’ म्हणतात. तेथे जोडपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, रांग न मोडता फिरतात. संगीत तीन वा चार रचनांच्या संचांत (तांदा) वाजविले जाते. एका संचातील रचना बहुधा एकाच वाद्यवृंदाच्या असल्याने पुढील संगीताच्या प्रकृतीचा अंदाज येतो. दोन संचांमध्ये वाजणाऱ्या वेगळ्या संगीताच्या तुकड्यास (कोर्तिना) जोडीदार बदलतात. नृत्याचे आमंत्रण दुरून नजरेने व मानेच्या हालचालीने देतात. पूर्वी कधीही एकत्र न नाचलेल्या दोघांना आधी काहीही न ठरविता सुसंगत नृत्य करता येते, ते या संकेतांच्या बळावर. टँगोतील स्वातंत्र्य म्हणजे नियमांचा अभाव नव्हे. नियम पावलांच्या क्रमाऐवजी आलिंगन, मार्ग आणि श्रवण यांना लागू होतात, इतकेच.

ब्वेनस एअरीझ येथे २००३ पासून भरणाऱ्या जागतिक टँगो स्पर्धेत या दोन्ही प्रवृत्तींना स्वतंत्र स्थान आहे. रंगमंचीय विभागात जोडपी आधी बसविलेली रचना सादर करतात. नृत्यभूमी विभागात अनेक जोडपी आयोजकांनी निवडलेल्या संगीतावर एकाच वेळी नाचतात व तेथे उड्यांना मनाई असते. २००९ मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना व यूरग्वाय यांच्या संयुक्त प्रस्तावावरून टँगोचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.