खाऱ्या समुद्राकाठी गोडं पाणी!

मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवरून चालत राहिलं की शेवटी रस्ताच संपतो. पुढे नुसता समुद्र! त्या टोकावर एक चिमुकला किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १६४० मध्ये बांधला.

चिमुकला म्हणजे अगदी चिमुकला हं! कमानीचा दरवाजा, दगडी भिंती, थोड्या पायऱ्या... संपला किल्ला! पण इथून माहीमची खाडी कशी लख्ख दिसते! कोणतं जहाज येतंय, कोणतं जातंय, सगळं कळायचं.

आणि गंमत ऐक. पुढे खाडीपलीकडे, माहीमला, इंग्रज आले. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे इंग्रज! १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर, म्हणजे वांद्रं ज्या बेटावर आहे त्या बेटावर, स्वारी केली. किल्ला त्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याचा बराच भाग पाडून टाकला गेला. आज तो मोडका दिसतो ना, तो त्यामुळेच!

आता ओळख बघू, किल्ला नव्हता तेव्हाही पोर्तुगीज जहाजं इथे का थांबायची?

पाणी भरायला!

काय? समोर एवढा समुद्र असताना? अरे, पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात! ते प्यायलं तर तहान भागायच्या ऐवजी वाढते. आणि इथे तर चक्क गोड्या पाण्याचा झरा होता!

खाऱ्या समुद्राला खेटून गोडं पाणी आलं कुठून?

आभाळातून! पाऊस पडतो. पाणी जमिनीत मुरतं, खडकांच्या भेगांतून झिरपत खाली जातं. वाट मिळाली की झरा होऊन बाहेर पडतं.

मग जमिनीखाली समुद्राचं पाणी त्यात मिसळून जात नाही? थोडं मिसळतं. पण सगळं नाही! कारण समुद्राचं पाणी मिठाचं भलंमोठं दप्तर पाठीवर घेऊन असतं. एक लिटर साधं पाणी १ किलो भरतं. समुद्राचं मात्र साधारण १ किलो २५ ग्रॅम! जड ते खाली राहतं, हलकं ते वर. म्हणजे किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी चक्क खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं!

खोटं वाटतं? करून बघ!

अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे मीठ विरघळव. दुसऱ्या ग्लासातल्या साध्या पाण्यात शाईचे दोन थेंब टाक. आता खाऱ्या पाण्याला टेकवून चमचा उपडा धर आणि त्याच्या पाठीवरून शाईचं पाणी अगदी हळूहळू सोड. बघ, बघ! निळं वर, बिनरंगाचं खाली!

आता चमच्याने जोरात ढवळ. झाला ना घोटाळा? सगळंच निळं आणि सगळंच खारट! किनाऱ्यावरच्या विहिरींचंही काहीसं असंच आहे बरं का. पंप लावून भसाभसा पाणी उपसलं की वरचा गोडा थर पातळ होतो. खालचं खारं पाणी वर सरकतं. मग विहीर पाण्याने भरलेली, पण घोटभर प्यायची सोय नाही!

(हो, आणि ते शाईचं पाणी पिऊ नकोस हं!)