मन लागतंय का, हे रुग्णालाच विचारा

स्किझोफ्रेनियाचे भास औषधांनी बरेचदा आटोक्यात येतात. घरच्यांना त्यानंतरही छळत राहतं ते वेगळंच: ‘याला काही करावंसंच वाटत नाही.’ लक्ष आणि स्मरणशक्ती सुधारण्यासाठी संगणकावरचे सराव असतात, पण रुग्ण त्यात मनापासून उतरला नाही तर ते वाया जातात. म्हणून ही आतली ओढ मोजणं गरजेचं ठरतं.

बरीच वर्षं ती बाहेरूनच मोजली गेली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जीवनमान तपासणाऱ्या एका मुलाखतीतले ध्येय, प्रेरणा आणि कुतूहल हे तीन मुद्दे त्यासाठी वापरत. गुण मात्र मुलाखत घेणारा देणार. या आजारात चेहरा निर्विकार होतो, बोलणं आटतं. अशा माणसाच्या मनातली ओढ समोरच्याला दिसेलच, हे मला पटत नाही.

जिमी चोई, तामिको मोगामी आणि अ‍ॅलिस मेडालिया या संशोधकांनी २०१० मध्ये थेट रुग्णालाच विचारायची वाट धरली. मूळ प्रश्नावली एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणाविषयक संशोधनातली. तिच्यातून त्यांनी २१ विधानं घेतली. काम आवडलं का, उपयोगाचं वाटलं का आणि आपण ते स्वखुशीने केलं का, हे त्यांत विचारलेलं असतं. प्रत्येक विधान किती खरं, ते एक ते सात या आकड्यांत सांगायचं.

पण आजारी माणसाच्या उत्तरावर विसंबायचं कसं? इथेच खरी मेहनत आहे. ‘मजा आली’सोबत ‘कंटाळा आला’ हेही विधान असतं आणि त्याचे गुण उलटे धरतात. सगळीकडे डोळे मिटून सात लिहिणारा तिथे सापडतो. काही काळाने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. प्रकृती स्थिर आणि काम तेच असेल, तर उत्तरंही साधारण तीच यायला हवीत. काम बदललं, तर मात्र ती हलायला हवीत. शिवाय हे गुण प्रत्यक्ष वागण्याशी, म्हणजे सरावाला येण्याशी आणि शिकण्याशी, जुळतात का हेही पाहावं लागतं. एवढ्या कसोट्यांनंतरच आकड्याला अर्थ येतो.

आवड, उपयोग आणि स्वखुशी या तिन्हींत ‘स्वखुशी’चा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दवाखान्यात कधी यायचं, कोणती गोळी घ्यायची, हे रुग्णासाठी बहुधा दुसरेच ठरवतात. चोई आणि मेडालिया यांनी रुग्णांना अंकगणित शिकवताना एका गटाच्या धड्यांत त्यांच्या आवडीचे संदर्भ घातले आणि किरकोळ गोष्टी निवडण्याची मुभा दिली. दुसऱ्या गटाला अंकगणित तेच, पण निवडीला वाव नव्हता. पहिला गट अधिक शिकला, आणि त्याला धड्यांत रसही अधिक वाटला.