तळाचा पत्रा

खान्देशात गाडी गंजते म्हटलं तर कोकणातला माणूस हसेल. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी आणि समुद्र लांब. तरीही इकडच्या जुन्या मॅटॅडोरचा तळ सडतो, आणि तो बहुतेक वेळा वरून सडतो. रस्त्यावरचा चिखल खालून करत नाही एवढं नुकसान आत अंथरलेल्या काळ्या रबरी मॅटखाली कोंडलेली ओल करते.

धुळ्यात पारोळा रोडलगतच्या एका गॅरेजात उभी असलेली मॅटॅडोर चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराची, आबांची. सत्तरच्या दशकातली गाडी, एमएच येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर. लग्नाचं वऱ्हाड, मजूर, केळीचे घड आणि खताच्या गोण्या असं सगळं तिने वाहिलं. यातलं शेवटचं सगळ्यात घातक. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि बाजारात मिळणारं म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. फाटक्या गोणीतून ते सांडतं, मॅटखाली जातं, पावसाळ्यात ओल धरतं. लोखंडाच्या बाबतीत क्लोराइड मिठासारखंच वागतं. म्हणजे समुद्र लांब असला तरी मालकाने त्यातला वाईट भाग गोण्या भरभरून घरी आणलेला असतो.

मॅट उचलली तेव्हा खाली अॅल्युमिनियमचा पत्रा निघाला, रिव्हेट मारून बसवलेला. तो उचकटला तर त्याखाली आणखी एक जुना तुकडा. जुनी भोकं अशी झाकली की दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरतं आणि वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे थर फुगतात आणि वरच्या पत्र्याला उचलून धरतात. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाब दिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"आबा, हाऊ पत्रा नही शे, पापड शे," तो म्हणाला.

आबांचं म्हणणं होतं, भो, एक तुकडा मारून दे. मिस्त्री मानेना. तुकड्याला धरायला भोवती चांगला पत्रा लागतो, तो कुठे आहे ते आधी शोधू द्या, म्हणाला. मग छोट्या हातोडीने तळभर ठोकत फिरला. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला थपथपतो. आवाज बदलला की खडूची रेघ. त्या रेघांचा आकार वेडावाकडा असतो, पण कापायचं तसं नाही. त्याच्या बाहेरून सरळ रेषा मारायची आणि कोपरे गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे तडा जातो.

तळ मोठा कापायचा तर त्याआधी गाडी 'बांधून' घ्यावी लागते. दाराच्या चौकटीत आडवे अँगल टॅक करतात, कर्णाची मापं टेपने घेऊन भिंतीवर लिहून ठेवतात. हे टाळलं तर पत्रा काढल्यावर बॉडी थोडी बसते, आणि नवा तळ बसवून झाल्यावर दार लागत नाही. डिझेलची टाकी उतरवतात, बॅटरी सोडतात, वायरिंग बाजूला घेतात आणि वाळूची बादली जवळ ठेवतात. ही तयारी पाहायला कंटाळवाणी आहे, पण माझ्या मते सगळं काम इथेच जमतं किंवा फसतं.

तयार तळ मिळण्याची आशा आम्ही जळगावपर्यंत नेली. एरंडोलवरून जाऊन अजिंठा चौफुलीजवळच्या भंगारात पाहिलं. एक मॅटॅडोर सापडली, पण तिचा तळही नेमका तिथेच सडलेला. सगळ्यांनी गाड्या सारख्याच वापरल्या तर दुसरं काय होणार? तिच्यातून फक्त नाळ्यांचं माप घेता आलं. पत्र्यावरच्या त्या लांब खोलगट नाळ्या शोभेच्या नव्हेत. त्यांच्यामुळे पत्र्याला ताठपणा येतो, नाहीतर सपाट पत्रा चालत्या गाडीत डबडब वाजत राहतो. मिस्त्रीने 18 गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा सीआरसी पत्रा आणला. कडा मशीनवर वाकवून घेतल्या आणि नाळ्या लोखंडी चॅनलवर ठेवून हातोडीने उतरवल्या. जीआय पत्रा का नको, असं मी विचारलं. त्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, रात्री ताप भरतो, म्हणाला.

मॅटॅडोरचं एक बरं आहे. बजाज टेम्पोने 1969 मध्ये आणलेली, मुळात जर्मन घडणीची ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे मधून मागे जाणारा दांडा नाही, तळ खाली आणि सपाट. (हीच कंपनी 2005 पासून फोर्स मोटर्स.) सपाट तळ बनवायला सोपा, पण त्यावर पाणीही निवांत साचतं.

वेल्डिंग पाहताना धीर लागतो. पातळ पत्र्यावर सलग टाका ओढला की तो तापून लाटांसारखा उठतो. म्हणून इथे एक टाका, मग समोरच्या कोपऱ्यात एक, मग थांबायचं. हात लावून चटका बसतो तोवर पुढचा नाही. मे महिन्यात नुसत्या उन्हानेच चटका बसतो, त्यामुळे हे काम सकाळीच उरकतात. जोडावर रेड ऑक्साइड, फटींत सीलर, खालून काळं कोटिंग. बंद चॅनलमध्ये पूर्वी जळकं ऑइल ओतायचे. अजूनही ओततात, आणि मग कित्येक दिवस गाडीखालची जमीन काळी होते.

दुपारच्या चहाला मी आबांना 2021 चा केंद्राचा नियम सांगितला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, वेगळा 'व्हीए' नंबर. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. त्याच मापाचा, त्याच नाळ्यांचा तळ म्हणजे माझ्या मते दुरुस्ती, फेरबदल नव्हे. पण वाद नको म्हणून कापलेल्या भागाचे फोटो जपावेत. आबांनी एकच विचारलं, मग तिच्यातून खत नेता येईल का? रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे म्हटल्यावर ते हसले. "मग शेतात काय तुमचा फोटो नेऊ?"

शेवटी मिस्त्रीने तळातली पाणी निघायची भोकं साफ केली. आधीच्या कुणीतरी ती पुट्टीने बुजवली होती. मग टपावर बादलीभर पाणी ओतलं. नवा तळ कोरडा राहायला हवा होता, पण डाव्या कोपऱ्यात एक धार उतरली. वर पाहिलं तर पाणी पुढच्या काचेच्या रबरातून येत होतं. रबर कडक होऊन चिरलं होतं. मॅटखालच्या ओलीचा निम्मा हिशेब तिथेच लागला. आबांनी किंमत विचारली, आणि मिस्त्री टेप घेऊन काचेचं माप काढायला वळला.