न कळत लागलेला निकाल

गटाच्या कर्जासाठी बँकेत गेलात आणि साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यावर तर थकबाकीचा दावा दिसतोय." पायाखालची जमीनच सरकते. मूळ बहुतेकदा जामीनकीत असतं. दिराच्या ट्रॅक्टरला सही दिली, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, आपण हजर नाही, म्हणून कोर्टानं एकतर्फी निकाल दिला.

आधी कागद हातात घ्या. सिबिलसारखी कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देते. त्यावरून बँक कळते, बँकेकडून दाव्याचा नंबर. मग कोर्टातून नक्कल काढा आणि समन्स कुणी घेतलं ते बघा. सासऱ्यांनी घेऊन फळीवर ठेवलं असेल, तर कोर्ट बहुधा ते पोचलं असंच धरतं!

पोचलंच नसेल, तर निकाल रद्द करावा असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. मुदत मात्र निकाल कळल्यापासून ३० दिवस. सुगी होऊ दे, मग बघू, असं नको. वकिलाची फी नाही? १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा.

वसुलीवाला अटकेची भीती घालेल. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला तुरुंगात टाकता येत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रही जप्त होत नाही.

देणं खरंच असेल तर लोकअदालतीत तडजोड करा, पण पैसे भरल्यावर 'बाकी नाही' असा दाखला घ्याच. तरीही अहवाल सुधारला नाही तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते.