सायकल, फेरीबोट आणि आशियाची कड

पाडांगबाई हे बाली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. तिथं लागलेल्या फेरीबोटीच्या पोटात आधी ट्रक शिरतात, मग स्कूटर्स, आणि त्यांच्या मागून हेल्मेट घातलेली आठ-दहा माणसं आपापल्या सायकली हातात धरून आत येतात. सायकली कठड्याला दोरीनं बांधल्या की पुढचे चार-पाच तास कुणालाच पेडल मारायचं नसतं. समोरचं लोंबोक बेट हळूहळू मोठं होताना बघत बसायचं, एवढंच. तरीही बालीपासून फ्लोरेसपर्यंतच्या सायकल सहलीतला सर्वांत थोर टप्पा कोणता, असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर हेच असेल. का, ते कळायला आधी या बंदरापर्यंत सायकलनं पोचायला हवं.

इंडोनेशियातली बाली, लोंबोक, सुंबावा आणि फ्लोरेस ही चार बेटं पश्चिमेकडून पूर्वेकडे जवळपास एका ओळीत आहेत. वाटाड्यासोबतच्या सहली हीच ओळ धरतात. काही पहिल्या दोन बेटांवर संपतात, काही थेट फ्लोरेस गाठतात. पुढे स्थानिक वाटाड्या, सर्वांत मागे त्याचा जोडीदार, आणि त्याच्याही मागे पाणी, केळी, जादा ट्यूब आणि दमलेल्यांसाठी रिकाम्या सीट घेऊन येणारी गाडी. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे रस्त्याची नवी सवय करावी लागत नाही. नवी सवय करावी लागते ती सूर्याची! ही बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ-नऊ अंशांवर आहेत. जुलैत भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि तुमची सावली दक्षिणेला पडते. सावलीवरून दिशा ओळखणारा माणूस पहिल्या दिवशी हमखास चक्रावतो.

जुलैच का? कारण आपल्याकडे सह्याद्री पावसानं न्हात असतो, तेव्हाच इथं कोरडा हंगाम असतो. त्या महिन्यांत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि या बेटांवर ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भूमीवरून आलेला आग्नेय वारा वाहतो. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातले असेच आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, वाटेत समुद्रातून बाष्प उचलतात आणि आपल्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारे म्हणून येऊन थडकतात. वाऱ्यांचं घराणं एकच. तिथं ते कोरडं ठेवतं आणि इथं चिंब भिजवतं.

सायकल चालवणाऱ्याला मात्र कोरड्या हंगामातही घाम चुकत नाही, आणि त्या घामाचा हिशेब मोठा सुंदर आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरा. ते हजार मीटर वर चढवायला लागणारं निव्वळ काम जेमतेम २०० किलोकॅलरींचं. पण आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातला फार तर चौथा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे त्या चढात अंगात सहाशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता साठते. तिला बाहेर काढायला किती घाम लागेल? साधारण एक लिटर! तोही अंगावरच वाळला तर. टपटप गळून गेलेला घाम जवळजवळ वायाच. उतारावर वारा लागतो, घाम झटकन उडून जातो. चढावर वेग ताशी आठ किलोमीटरवर येतो, वारा थांबतो आणि दमट हवा घाम उडू देत नाही. वाटाड्या तुम्हाला पहाटे अंधारात उठवतो त्यामागे एवढं सगळं गणित आहे. समुद्रकाठावरून किंतामणीच्या कड्यापर्यंतचा बालीतला घाट जवळपास दीड हजार मीटरचा आहे.

पण मुळात इथं चढायला डोंगर आले कुठून? बेटांच्या दक्षिणेला समुद्रतळाचा एक प्रचंड तुकडा, ऑस्ट्रेलियाला पाठीवर घेऊन, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीनं बेटांखाली शिरतो आहे. खोल गेला की त्याच्यात मुरलेलं पाणी पिळून निघतं आणि वरच्या तापलेल्या खडकात झिरपतं. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतो ना? मिठानं बर्फ एरवी वितळला नसता अशा थंडीतही वितळतो. पाणी खडकाला नेमकं तेच करतं. घट्ट राहिला असता असा खडक वितळतो, वर येतो आणि ज्वालामुखी होतो. हे सगळं एका ठराविक खोलीवर घडतं, म्हणून ज्वालामुखी ओळीत उभे राहतात आणि बेटंही ओळीतच.

किंतामणीहून खाली उतरताना दोन्ही बाजूंना भाताच्या पायऱ्या दिसतात. फोटो काढायला सगळेच थांबतात, पण खरं नवल पाटाच्या पाण्यात आहे. वरच्या शेतकऱ्यानं खालच्याला पाणी सोडावंच का? पाटाचं तोंड तर त्याच्या हातात! बालीत शेतकऱ्यांच्या पाणीमंडळांना सुबक म्हणतात आणि कुणी कधी लावणी करायची, कधी शेत पडीक ठेवायचं, हे जलमंदिरांशी बांधलेल्या वेळापत्रकानं ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी यातली गोम उलगडून दाखवली. सगळी शेतं एकाच वेळी पडीक राहिली तर किडीला आणि उंदरांना खायलाच काही उरत नाही. खालच्याला पाणी हवं, वरच्याला कीड नको, म्हणून दोघांना एकमेकांची गरज. १९७० च्या दशकात हरित क्रांतीच्या उत्साहात ज्याला जमेल तितकी पिकं घ्या असं सांगितलं गेलं, आणि कीड बोकाळली. युनेस्कोनं २०१२ मध्ये या व्यवस्थेला जागतिक वारशाचा मान दिला.

बालीत आणखी एक गोष्ट मराठी माणसाला थबकवते. तिथल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शकाचं वर्ष छापलेलं असतं, आपल्या पंचांगातलंच. २२ मार्च २०२३ ला आपण गुढ्या उभारल्या तेव्हा शके १९४५ सुरू झालं. त्याच दिवशी बालीतही शके १९४५ सुरू झालं. अधिक मासाची गणितं वेगळी असल्यानं काही वर्षी महिन्याचा फरक पडतो, वर्षाचा आकडा मात्र तोच. फक्त तिथला पाडवा, म्हणजे न्येपी, मौनाचा. विमानतळ बंद, दुकानं बंद, रस्त्यावर पायी फिरायलाही मनाई. सहलीच्या तारखा ठरवताना हा दिवस आवर्जून बघून ठेवा.

आता बोटीकडे येऊ.

१८५६ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा, पक्षी आणि कीटक गोळा करून विकण्यावर पोट भरणारा इंग्रज निसर्गसंशोधक बालीत उतरला. त्याला जायचं होतं सेलेबीस बेटावरच्या मकासरला. सिंगापूरहून थेट जहाज मिळालं असतं तर तो इकडे फिरकलाही नसता. बालीत त्याला दिसले ते आशियाचे पक्षी: सुतार, तांबटाच्या कुळातले पक्षी. आपल्या पिंपळावर टुकटुक करणारा तांबट बालीतही आहे. दोनच दिवसांनी तो निघाला आणि लोंबोकला पोचला. तिथं त्याला तांबट दिसला नाही, सुतारही नाही. झाडावर पांढरे काकाकुवा! जमिनीवर पालापाचोळ्याचे ढीग रचून त्यांच्या उबेवर अंडी उबवणारे पक्षी! फुलांतला मध पिणारे मधुभक्षी! ही सगळी ऑस्ट्रेलियाच्या बाजूची मंडळी. दोन्ही बेटांची माती सारखी, हवा सारखी, ज्वालामुखी सारखे. मधे समुद्र अवघा ३५ किलोमीटरांच्या आसपास. उडता येणाऱ्या पक्ष्यांनाही तो का ओलांडवला नसेल?

उत्तर पाण्याखाली होतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगाचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरांच्या आसपास खाली होती. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि बाली तेव्हा बेटं नव्हतीच. ती आशियाला जोडलेली होती. वाघ बालीपर्यंत चालत आला आणि विसाव्या शतकापर्यंत तिथं नांदला. पण लोंबोकची सामुद्रधुनी सर्वांत उथळ जागीसुद्धा २०० मीटरहून खोल आहे. ती कधीच कोरडी पडली नाही. भर जंगलात राहणारे बरेच पक्षी उघड्या समुद्रावर उडायला धजत नाहीत, आणि वाघ पोहून जाईल म्हणावं तर इथं प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे जोरात धावत असतं. फेरीबोट मधेच हेलकावे खाते, त्यात या प्रवाहाचाही हात असतो.

विचार करा, तुम्ही डेकवर चहा पीत बसलेले असता आणि वाघांना लाखो वर्षांत जमलं नाही ते पाणी ओलांडत असता! या अदृश्य रेषेला १८६८ मध्ये टी. एच. हक्सली यांनी वॉलेसचं नाव दिलं. विमानानं जाणाऱ्याला ती वीस-पंचवीस मिनिटांत खाली कुठं गेली ते कळतही नाही. आदल्या दिवशी ताशी पंधरा किलोमीटरनं बालीचं रान बघितलेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेगानं लोंबोकमध्ये शिरलेल्या माणसालाच वॉलेसची चकित नजर थोडी मिळते.

लोंबोकमध्ये रस्ता ३,७२६ मीटर उंच रिंजानीच्या पायथ्याला वळसा घालतो. इथं एक जुनं कोडं सुटलं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या बर्फात तेराव्या शतकाच्या मध्यावरच्या एका महास्फोटाचं गंधकाम्ल सापडलं होतं. स्फोट कुठं झाला, कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१३ मध्ये संशोधकांनी बोट ठेवलं ते रिंजानीशेजारच्या सामालास पर्वतावर, साल १२५७. राखेच्या थरांबरोबर साक्षीला होत्या लोंबोकच्या ताडपत्रांवरच्या पोथ्या. डोंगर कोसळला आणि पामातान नावाची राजधानी गाडली गेली, असं त्यांत लिहिलेलं होतंच. वाचणारा भेटायचा होता.

पुढचं बेट सुंबावा. रुक्ष, विरळ वस्तीचं, म्हणून अनेकजण ते गाडीत बसून उरकतात. मला हे पटत नाही, आणि कारण खुद्द सायकलच आहे. स्वच्छ हवेत साले उपसागराच्या पलीकडे तांबोरा दिसतो. एप्रिल १८१५ मध्ये तो फुटला. नोंदलेल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा स्फोट. चार हजार मीटरहून उंच डोंगराचा माथा उडाला आणि सुमारे २,८५० मीटर उरला. आवाज दोन हजार किलोमीटरवर सुमात्रात ऐकू गेला. जावात योग्यकर्त्याला तोफा डागल्या जाताहेत असं वाटून फौज बाहेर पडली. हजारो माणसं मेली, किनाऱ्यावरचं एक अख्खं राज्य नाहीसं झालं.

गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब ढगांच्याही वर जाऊन जगभर पसरले आणि सूर्याचा थोडा प्रकाश अडून राहिला. १८१६ साली युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा आलाच नाही. पिकं बुडाली, ओट्स महागले. ओट्स म्हणजे घोड्याचा चारा, आणि घोडा म्हणजे त्या काळाचं वाहन. त्यानंतरच्याच वर्षी, १२ जून १८१७ ला, जर्मनीत मानहाइम इथं कार्ल द्राइस या गृहस्थानं दोन लाकडी चाकं एकामागे एक जोडलेल्या गाडीवर बसून, पायांनी जमीन मागे ढकलत फेरफटका मारला. घोड्याविना पळणारी ती दुचाकी म्हणजे सायकलची आदिमाता. पेडल यायला आणखी चार-पाच दशकं जायची होती. महागलेल्या चाऱ्यामुळे द्राइसला ही कल्पना सुचली, असा तर्क इतिहासकार हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी मांडला आहे. तो सर्वांना मान्य नाही आणि पक्का पुरावाही नाही. पण तो खरा असेल तर? तर तांबोरासमोरून सायकल दामटणारा माणूस आपल्या वाहनाच्या जन्मगावावरून चालला आहे!

सुंबावावरच्या सापे बंदरातून शेवटची मोठी फेरी फ्लोरेसला जाते, कोमोडोच्या बेटांजवळून. तिथल्या तीन मीटर लांब घोरपडीच्या कुळाचे जीवाश्म ऑस्ट्रेलियात सापडले आहेत. फ्लोरेसवर हत्तीच्या आप्ताचे, स्टेगोडॉनचेही जीवाश्म मिळतात. तो आशियाकडून आला. दोन खंडांचे प्रवासी एकाच बेटावर भेटले! आणि बेटानं प्राण्यांची मापं बदलली: अन्न कमी, म्हणून हत्ती बुटके झाले, उंदीर मात्र सशाएवढे वाढले. मग माणूस? फ्लोरेसवरच्या रूतेंगच्या घाटापासून जवळच लिआंग बुआची गुहा आहे. तिथं २००३ मध्ये सापडलेली प्रौढ बाई एक मीटरपेक्षा थोडीशीच उंच होती, आणि ती आपल्या जातीची नव्हती. होमो फ्लोरेसिएन्सिस. फ्लोरेस कधीच आशियाला जोडलेलं नव्हतं, तरी तिथं दहा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाली आहेत. म्हणजे कुणीतरी ते खोल पाणी तेव्हाच ओलांडलं होतं.

या सहलीला जाणार असाल तर एक विनंती आहे. वेळ वाचवण्यासाठी बेटांमधलं अंतर विमानानं कापण्याचा पर्याय पुढे येतो, तो नाकारा. चढाचा एखादा दिवस गाडीत बसून काढलात तरी हरकत नाही, पण पाडांगबाईची बोट दिवसाउजेडीची घ्या आणि डेकवर जागा धरा.