फडातलं पाचट, दुकानातली गोणी

ऊस तुटला, ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला लागली, तोडकऱ्यांनी बैलांसाठी वाढं बांधून नेलं, की फडात उरतं ते पाचट. घोटा बुडेल एवढा, पायाखाली कुरकुरणारा वाळक्या पाल्याचा थर. गळीत हंगामात संध्याकाळच्या वेळी नीरा, कृष्णा किंवा पंचगंगेच्या काठानं गेलं, तर या थराचं पुढं काय होतं ते लांबूनच दिसतं. एक काडी पडते आणि बघता बघता रान काळं होतं. दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काजळी पडते, ती वेगळीच.

जाळणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. त्याची अडचण खरी असते. पाचटानं सरीतलं पाणी अडतं, खाली उंदीर घर करतात, सापाची भीती असते आणि पसरायला माणूस मिळत नाही. शिवाय जाळलं की खोडवा एकसारखा फुटतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण कोंब फुटतात ते बुडख्यांवरचं ओझं निघून त्यांना ऊन लागल्यामुळं, आणि ते ओझं हातानं बाजूला सारूनही निघतं.

एका हेक्टरच्या फडात साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि ३ ते ५ टन सेंद्रिय कर्ब असतो. पेटवल्यावर पालाश बराचसा राखेत उरतो, हे कबूल करायला हवं. नत्र आणि कर्ब मात्र जवळजवळ सगळा धुराबरोबर जातो. पन्नास किलो नत्र म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांहून जास्त. नत्र निदान विकत तरी मिळतं. कर्ब कुठल्याच गोणीत मिळत नाही, आणि महाराष्ट्राच्या बागायती जमिनींत आज तोच कमी पडतो आहे.

मग गाडी खताच्या दुकानाशी जाते. तिथं ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि पोटॅशची गोणी तिच्या कित्येक पट दराला. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यांच्या हिशेबानं ठरू लागलं. युरिया त्यातून बाहेर राहिला. स्वस्त तेच जास्त पडणार, त्यात नवल काय! युरियानं पीक हिरवंगार दिसतं आणि हिरवा फड पाहून शेजारीही आणखी एक गोणी ओततो.

पण जमिनीला नेमकं काय हवं, ते पिकाच्या रंगावरून नेहमी कळत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळं मुळांना मिळत नाही. तिथं युरिया कितीही ओता, पान पिवळंच. मुरवलेल्या शेणखतात मिसळून हेक्टरी २५ किलो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दिलं तर फरक दिसतो. माती तपासून घ्यायची ती यासाठी. आणि नमुना घ्यायचा तो बांधाकडेचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याजवळचा नको, नाहीतर पत्रिका भलत्याच जमिनीची येते.

सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. पाचट न जाळता खोडवा राखण्याची जी रीत तिथून सांगितली जाते, तिच्यात यंत्रापेक्षा कोयत्याचं आणि पहारीचं काम जास्त. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, म्हणजे कोंब मातीखालून जोमानं येतात. सरीच्या बगला फोडायच्या नाहीत, जुन्या मुळ्यांचा जारवा तोडायचा नाही. नुसतं पाचट लवकर कुजत नाही, कारण त्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. कुजवणारे जिवाणू मग आपली भूक जमिनीतल्या नत्रावर भागवतात आणि ऊस उपाशी राहतो. म्हणून एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत टाकून पाणी द्यायचं.

उसाचं खत मात्र पाचटावर फेकायचं नाही. बेटापासून वीतभरापेक्षा थोडं अलीकडे, वीतभर खोल, फूट-फूट अंतरावर पहारीनं भोक पाडून त्यात मिसळखत घालायचं आणि भोक मातीनं बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा साधारण चार महिन्यांनी. उघड्यावर पडलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. गाडलेला मुळांपाशी राहतो. कामाला जोडी लागते. एकजण पहार मारतो, दुसरा मूठ सोडतो. पाठ दुखते, हे खरंच.

एकरी चार टन पाचट धरलं, तर ते कुजवायला युरिया लागतो ३२ किलो. म्हणजे पाऊण गोणीही नाही, आणि पैसे दोनशे रुपयांच्या आत.